डिजिटल अभ्यास साहित्य: कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-पुस्तकं, पीडीएफ, स्लाइड, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि कॉलेजचं पोर्टल यांतल्या बहुतेक अडचणी परीक्षेच्या तोंडावर उघडकीला येतात. त्यांची सुरुवात मात्र सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच झालेली असते. म्हणून या पानावर तयारीच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

नवं सेमिस्टर सुरू झालं की सगळ्यात आधी काय करायचं?

प्रत्येक विषयाच्या साहित्याची यादी करा. प्रत्येक नावापुढे ते कुठे आहे, कोणत्या प्रकारची फाइल आहे, इंटरनेटशिवाय उघडते का आणि कोणत्या तारखेपर्यंत उघडेल, हे लिहा. शेवटची गोष्ट फारसं कुणी लिहीत नाही आणि पुढे तीच नडते.

नुसती लिंक दिसते म्हणून यादीत टिकमार्क करू नका. उघडा आणि मधलं एखादं पान वाचून बघा. लिंक चालते, पण आत फक्त पहिल्या प्रकरणाचा नमुना असतो, हा प्रकार नेहमीचा आहे. गूगल ड्राइव्हच्या लिंकवर ‘परवानगी मागा’ असा संदेश आला, तर सरांना मेल करण्याआधी ब्राउझरमध्ये कोणतं खातं चालू आहे ते पाहा. घरचं आणि कॉलेजचं अशी दोन खाती एकत्र उघडी असली की ड्राइव्ह बहुधा आधी लॉगिन केलेलं खातं धरतं. कॉलेजच्या खात्यासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवलंत की हा त्रास कायमचा मिटतो.

पुस्तकाची आवृत्ती बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आयएसबीएन जुळत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, न जुळणं ही नेहमी चूक नसते. एकाच आवृत्तीच्या छापील प्रतीला आणि ई-पुस्तकाला वेगवेगळे १३ अंकी क्रमांक असतात. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर तर बहुधा १० अंकी क्रमांक सापडतो. लेखक, आवृत्तीचा क्रमांक आणि प्रकाशनवर्ष जुळलं पाहिजे.

जुनी आवृत्ती स्वस्तात किंवा फुकट मिळत असेल, तर दोन्हींच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून बघा. मूळ मजकूर बहुतेक वेळा फारसा बदललेला नसतो. बदलतात ते प्रकरणाच्या शेवटच्या गणितांचे क्रमांक. ‘प्रश्न १४ सोडवा’ असा गृहपाठ असेल, तर जुन्या आवृत्तीत तुम्ही भलतंच गणित सोडवाल. अशा वेळी वाचनासाठी जुनी आवृत्ती ठेवा आणि प्रश्न तेवढे नव्या आवृत्तीतून उतरवून घ्या.

पीडीएफ आणि ईपब यांत काय फरक? दोन्ही उपलब्ध असतील तर कोणतं घ्यावं?

पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते. आकृती, तक्ता, पान क्रमांक सगळं छापील पानासारखं जिथल्या तिथे राहतं. ईपबमधला मजकूर पडद्याच्या मापाप्रमाणे वाहतो. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मोडतात. म्हणून सलग गद्य वाचायला ईपब घ्या आणि सूत्रं, मोठे तक्ते, नकाशे, सर्किटच्या आकृत्या असतील तर पीडीएफ. गणिताच्या काही ईपब पुस्तकांत समीकरणं चित्रं म्हणून टाकलेली असतात. अक्षर मोठं केलं तरी ती तेवढीच राहतात आणि घातांक वाचता येत नाहीत. घेण्याआधी नमुना प्रकरणात हे तपासा.

अ‍ॅक्सेस कोड म्हणजे काय, आणि तो चालत नसेल तर?

काही अभ्यासक्रमांत प्रकाशकाच्या वेबसाइटवर गृहपाठ आणि चाचण्या असतात. तिथे शिरण्यासाठी एक कोड लागतो. तो एकदाच वापरता येतो, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. वापरलेलं पुस्तक कुणाकडून घेतलं, तर आतला कोड आधीच्या विद्यार्थ्याने खर्च केलेला असण्याची शक्यता दाट. आत कोडचं कार्ड दिसतंय एवढ्यावर भरवसा ठेवू नका. कोडवरची पट्टी खरवडलेली असेल, तर तो गेला असंच समजा.

नवा कोड घेण्याआधी प्राध्यापकांना दोन गोष्टी विचारा. त्या वेबसाइटवरचे गुण अंतिम निकालात धरले जाणार आहेत का? नसतील, तर केवळ पुस्तकावर काम भागेल. आणि तुमच्या वर्गाचा कोर्स आयडी कोणता? हा आयडी वेगळा असतो आणि प्राध्यापकच देतात. चुकीच्या वर्गाच्या आयडीखाली कोड टाकला, तर तो वापरला गेल्याची नोंद होते. मग तुमची नोंदणी दुसऱ्या वर्गात हलवायला प्रकाशकाच्या मदत विभागाशी पत्रव्यवहार करावा लागतो.

नोंदणी कॉलेजच्या मेलनेच करा. काही ठिकाणी पोर्टलमधल्या लिंकवरूनच आत जावं लागतं. थेट प्रकाशकाच्या वेबसाइटवर खातं उघडलं तर तुम्ही सोडवलेल्या चाचण्यांचे गुण कॉलेजच्या पोर्टलवर उतरतच नाहीत. कोड ‘अवैध’ दाखवत असेल, तर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय यांची अदलाबदल करून बघा. तरी जमलं नाही तर पावती आणि कार्डाचा फोटो जोडून लिहा. पावती नसेल तर कोड बदलून मिळणं कठीण असतं.

विषय सोडायचा विचार असेल, तर कोड इतक्यात टाकू नका. बरेच प्रकाशक सुरुवातीचे काही दिवस कोडशिवाय तात्पुरता प्रवेश देतात. तो घ्या. त्या मुदतीत केलेलं काम पुढे कोड टाकल्यावर बहुधा तसंच राहतं.

ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते कायमचं माझं झालं ना?

बहुतेक वेळा नाही. पैसे दिलेले असतात ते वाचण्याच्या परवान्यासाठी. परवान्याला मुदत असू शकते, उपकरणांची मर्यादा असू शकते, आणि दुकान बंद झालं तर परवानाही संपू शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा वाचकांनी घेतलेली पुस्तकं त्यांच्या खात्यांतून गेली. कंपनीने पैसे परत केले, पण पुस्तकं वाचायला उरली नाहीत.

पुढच्या वर्षीही लागणारा पायाभूत विषय असेल, तर मुदतीचं ई-पुस्तक भाड्याने घेऊ नका. छापील प्रत घ्या, किंवा कुलूप नसलेली पीडीएफ घ्या. एकाच सेमिस्टरपुरता विषय असेल तर भाड्याची प्रत पुरते.

ग्रंथालयाचं ई-पुस्तक ‘सध्या वापरात’ असं का दाखवतं? ती तर फाइल आहे.

ग्रंथालय प्रकाशकाकडून ठरावीक वाचकांपुरता परवाना घेतं. तो एका वाचकाचा असेल आणि कुणी पुस्तक उघडून ठेवलं असेल, तर दुसऱ्याला थांबावं लागतं. पूर्ण वर्गाला एकच प्रकरण दिलं असेल तेव्हा हमखास असं होतं. ग्रंथपालांना सांगा: वर्गात किती जण आहेत, कोणतं प्रकरण हवंय आणि कधीपर्यंत. मागणी दिसली तर ते परवाना वाढवू शकतात.

आपलं वाचून झालं की टॅब नुसता बंद न करता ‘परत करा’ दाबा. नाहीतर वेळ संपेपर्यंत पुस्तक तुमच्या नावावर अडकून राहतं आणि वर्गमित्र ताटकळतात.

कॉलेजमध्ये शोधनिबंध उघडतो, घरी मात्र पैसे मागतो. असं का?

प्रकाशक तुम्हाला ओळखतो तो कॉलेजच्या नेटवर्कवरून. घरच्या इंटरनेटवर तुम्ही त्याच्या लेखी अनोळखी असता. ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून लॉगिन करून आत जा. तिथला प्रॉक्सी तुम्हाला कॉलेजचा वाचक म्हणून पुढे पाठवतो. गूगलवरून थेट लेखाच्या पानावर गेलात तर हा टप्पा चुकतो. वर्गात कॉपी करून ठेवलेली लिंकही घरी चालत नाही. म्हणून जवळ ठेवायचा तो लेखाचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक. तो बदलत नाही, आणि ग्रंथालयाच्या शोधात टाकला की लेख सापडतो.

पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही. समोर तर दिसतोय!

याची तीन कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आधी एका शब्दावर बोट किंवा माउस दाबून तो निवडून बघा. शब्द निवडलाच जात नसेल, तर ते पान म्हणजे फोटो आहे. त्यावर ओसीआर चालवावं लागेल, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून फाइलमध्ये मजकुराचा अदृश्य थर घालावा लागेल. संगणकावर ‘ओसीआरमायपीडीएफ’ हे मोफत साधन हे काम करतं. ते आतून ‘टेसरॅक्ट’ वापरतं आणि टेसरॅक्टला मराठी येतं, पण मराठीची भाषा-फाइल वेगळी बसवून आज्ञेत तिचं नाव द्यावं लागतं. नाव दिलं नाही तर ते इंग्रजी समजून वाचतं आणि निव्वळ कचरा देतं. स्वतः स्कॅन करत असाल तर ३०० डीपीआय (दर इंचातले ठिपके) ठेवा. त्याहून कमी केलं की अनुस्वार आणि रफार गळतात. ओसीआरने वाचलेले आकडे आणि सूत्रं मूळ पानाशी ताडून घ्या. हा थर शोधण्यापुरता आहे, उतरवून घेण्यासाठी नाही.

शब्द निवडता येतो, पण कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा घोळ दिसतो? मग ती फाइल युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण संकेतपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत दुसरीच अक्षरं साठवलेली असतात. इथेही ओसीआरच चालवा, मात्र आधीचा मजकूर बाजूला सारून सक्तीने.

तिसरा प्रकार युनिकोड पीडीएफचा. पेस्ट केलेला मजकूर जवळजवळ बरोबर येतो, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली असतात. पीडीएफ बनवताना काही सॉफ्टवेअर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवतात, कारण ती दिसते तशी. अशा फाइलमध्ये ‘परिणाम’ सापडला नाही तर ‘णाम’ शोधा. वेलांटी आणि जोडाक्षर टाळून शब्दाचा तुकडा घेतला की बरेचदा काम होतं.

सगळं मोबाइलवर वाचलं तर चालेल का?

ईपब आणि स्लाइड चालतील. ए-४ आकाराची पीडीएफ त्रास देते. ए-४ पान २१ सेंटीमीटर रुंद असतं आणि मोबाइलचा पडदा साधारण ७. म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटएवढं दिसतं. फोन आडवा धरला तर ते आठ-साडेआठपर्यंत जातं आणि निदान वाचता येतं. समास कापण्याची सोय असलेलं ॲप घेतलं तर आणखी थोडं मोठं मिळतं. ई-इंकचा (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा) ६ इंची रीडर कादंबरीला उत्तम. अभ्यासाच्या पीडीएफसाठी १० इंचांच्या आसपासचा पडदा हवा.

कागदावर जास्त लक्षात राहतं म्हणतात. खरं आहे का?

माहितीपर मजकुराबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कागदावर वाचणाऱ्यांचं आकलन थोडं सरस आढळलं, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक जास्त होता. कथात्म मजकुरात तसा फरक दिसला नाही.

आमचा सल्ला: पडद्यावर शोधा, चाळा, पहिलं वाचन करा. अवघड प्रकरणाची मोजकी पानं छापून घ्या, किंवा वाचताना पडदा बाजूला सारून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा आणि मग पुन्हा पडताळा. नुसती पिवळी रेघ ओढत गेल्याने अभ्यास झाल्यासारखा वाटतो, पण तो झालेला नसतो. एका पानावर दोन-तीन ओळींहून जास्त रंग दिसला तर तुम्ही निवड करणं थांबवलंय असं समजा.

नोट्स ई-पुस्तकाच्या ॲपमध्येच लिहाव्यात की वेगळ्या?

वेगळ्या. या पानावरचं एवढं एक उत्तर पाळलं तरी पुष्कळ झालं. ॲपमधल्या नोट्स पुस्तकाला बांधलेल्या असतात. परवाना संपला की त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटही बहुधा बंद होते. नोट्स बाहेर काढण्याची सोय असली तरी किती मजकूर कॉपी करता येईल यावर प्रकाशकाची मर्यादा असते. ती ओलांडली की पुढच्या नोंदी रिकाम्या किंवा तुटक येतात.

समासात छोटी खूण करायला हरकत नाही. विचार मात्र स्वतःच्या फाइलमध्ये, स्वतःच्या शब्दांत लिहा: प्रकरण, विभाग, पान आणि खाली दोन ओळी. साधी मजकूर-फाइल, वर्ड किंवा वही, काहीही चालेल.

पीडीएफवर थेट लिहिणाऱ्यांसाठी: ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर केलेल्या खुणा तुम्ही फाइल बदलांसह सेव्ह करेपर्यंत कुठेच जात नाहीत. टॅब बंद केला की त्या गेल्या. मेलमधून किंवा पोर्टलमधून ‘पूर्वावलोकन’ म्हणून उघडलेल्या फाइलचंही तसंच. आधी डाउनलोड करा, आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, मग पेन उचला. लॅपटॉप आणि टॅबलेट दोन्हींवर एकच फाइल एकाच वेळी उघडी ठेवू नका. सिंक होताना दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि अर्ध्या खुणा इकडे, अर्ध्या तिकडे राहतात.

ईपबला पान क्रमांक नाहीत. संदर्भ कसा द्यायचा?

प्रकरण, उपशीर्षक आणि त्याखालचा परिच्छेद क्रमांक द्या. काही ई-पुस्तकांत छापील आवृत्तीचे पान क्रमांक घातलेले असतात. ते असतील तर तेच वापरा. ॲपच्या तळाशी दिसणारा ‘३१२ पैकी ४७’ हा आकडा देऊ नका. अक्षराचा आकार बदलला की काही ॲपमध्ये तोही बदलतो. संदर्भ जमवायला झोटेरो हे मोफत साधन चांगलं आहे. त्याची मोफत ऑनलाइन साठवण ३०० एमबीची असल्याने पीडीएफ त्यात भरत बसू नका, नोंदी तेवढ्या ठेवा.

फाइलींची नावं आणि बॅकअप?

नाव असं द्या की यादीत आपोआप क्रम लागेल: आधी विषय, मग वर्ष-महिना-दिवस, मग दोन शब्दांत काय आहे ते. तारखेत वर्ष आधी लिहिलं तरच क्रम बरोबर लागतो. ‘फायनल’, ‘फायनल२’ ही नावं टाळा.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसला की तो क्लाउडवरूनही पुसला जातो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीतल्या फाइल ३० दिवसांनी कायमच्या जातात. आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा आणि लगेच ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा.

व्याख्यानाचा व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला तर नुकसान होतं का?

ओळखीच्या भागाला दीडपट वेग चालतो. नवीन सिद्धता किंवा गणित चालू असेल तेव्हा मूळ वेग ठेवा आणि प्रत्येक पायरीला थांबवून पुढची पायरी स्वतः लिहून बघा. आपोआप तयार झालेल्या उपशीर्षकांत पारिभाषिक शब्द हमखास चुकतात, ते तसेच नोट्समध्ये उतरवू नका.

असाइनमेंट अपलोड केली होती, तरी ‘सादर केलेली नाही’ दिसतंय.

मूडल या पोर्टल-सॉफ्टवेअरमध्ये फाइल चढवणं आणि असाइनमेंट सादर करणं हे काही वेळा दोन वेगळे टप्पे असतात. स्थिती ‘ड्राफ्ट’ दिसत असेल, तर शेवटचं सबमिट बटण दाबायचं राहिलंय. गूगल क्लासरूममध्येही फाइल जोडून ‘टर्न इन’ न दाबता बाहेर पडणारे बरेच असतात. सबमिट झाल्यावर स्थिती आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग आपलीच फाइल पोर्टलवरून डाउनलोड करून उघडा. रिकामी, जुनी किंवा भलत्याच विषयाची फाइल गेल्याचं तेव्हाच कळतं.

फाइल शक्यतो पीडीएफ करूनच द्या. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, पानं सरकतात, समीकरणं हलतात. हस्तलिखित पानांचे सुटे फोटो चढवू नका. मोबाइलच्या स्कॅनर ॲपने सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा. आयफोनचे फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात साठतात आणि बरीच पोर्टल ते घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की फोटो जेपेग होतात. फाइल मर्यादेपेक्षा मोठी असेल तर रंगीत स्कॅनऐवजी कृष्णधवल करून बघा, आकार झटकन उतरतो.

मुदत रात्री ११:५९ ची असेल तर ११:५८ ला चढवायला बसू नका. फाइल चढायला सुरुवात कधी झाली ते सर्व्हर पाहत नाही, ती पूर्ण कधी पोचली ते पाहतो.

ऑनलाइन चाचणी चालू असताना इंटरनेट गेलं तर?

टॅब बंद करू नका, पान रिफ्रेशही करू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि त्याच पानावर पुढे चला. बरीच पोर्टल उत्तरं ठरावीक अंतराने आपोआप साठवतात. वेळ मात्र सर्व्हरवर चालूच राहतो. लगेच वेळ दिसेल असा फोटो काढून प्राध्यापकांना मेल करा. चाचणी संपल्यानंतर केलेल्या तक्रारीपेक्षा मधल्या मिनिटाला पाठवलेल्या मेलला वजन असतं. वर्णनात्मक उत्तरं आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा, चाचणीचे नियम त्याला परवानगी देत असतील तर.

कायदेशीर मोफत पुस्तकं कुठे मिळतात?

पदवीच्या पहिल्या वर्षांच्या विषयांसाठी राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स प्रकल्प पाहा: भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, सांख्यिकी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि पीडीएफ फुकट उतरवता येते. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर व्याख्यानं, गृहपाठ आणि जुने पेपर मिळतात. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्रातल्या नव्या शोधनिबंधांसाठी १९९१ पासून चालू असलेलं ‘अर्काइव्ह’ आहे, मात्र तिथले सगळेच निबंध तज्ज्ञांनी तपासलेले नसतात.

अशा साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो, तो वाचा. ‘सीसी बाय’ असेल तर मूळ लेखकाचं नाव देऊन वाटता आणि बदलता येतं. ‘एनडी’ असेल तर बदललेली किंवा भाषांतरित प्रत वाटता येत नाही. ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर चालत नाही, म्हणजे त्यावरून बनवलेल्या नोट्स विकता येणार नाहीत.

माझ्या लॉगिनवरून मित्राला पुस्तक उतरवून दिलं तर?

देऊ नका. डाउनलोड केलेल्या अनेक फाइलींवर वाचकाचं नाव किंवा क्रमांक उमटलेला असतो. शिवाय एका खात्यातून थोड्या वेळात खूप पानं उतरली, तर प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश तात्पुरता थांबवू शकतो. मित्राला लिंक आणि डीओआय द्या, तो त्याच्या लॉगिनने उघडेल.

वाचायला त्रास होतो. पुस्तक ऐकता येईल का?

येईल, मजकूर नीट असेल तर. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर मोफत मिळणारं एनव्हीडीए ही साधनं पडदा वाचून दाखवतात. फोटोसारखी पीडीएफ त्यांना वाचता येत नाही, तिला आधी ओसीआर लागतं. दोन स्तंभांच्या पानावर काही वेळा एका स्तंभाची ओळ संपली की ते थेट शेजारच्या स्तंभात उडी मारतात. ईपब मिळाली तर हा प्रश्न येत नाही. ग्रंथपालांकडे किंवा थेट प्रकाशकाकडे सुलभ प्रत मागता येते. ती यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागा.

सेमिस्टर संपताना काय काय काढून ठेवायचं?

पोर्टलवरचा विषय बंद होण्याआधी विषयपत्रिका, तुम्ही सादर केलेल्या असाइनमेंट, त्यांवरचे प्राध्यापकांचे शेरे आणि गुणांचं पान, हे सगळं पीडीएफ करून उतरवा. ई-पुस्तकाच्या ॲपमधल्या खुणा निर्यात करा आणि ती फाइल उघडून खालपर्यंत पाहा. कॉलेजचं शेवटचं वर्ष असेल, तर कॉलेजच्या खात्याचा ड्राइव्ह ‘गूगल टेकआउट’ने उतरवा, प्रशासनाने ती सोय बंद ठेवली असेल तर फोल्डर एकेक करून डाउनलोड करा. खातं कधी बंद होणार हे संगणक विभागाला लेखी विचारा. सबमिशनचे स्क्रीनशॉट आणि पावत्या निकाल आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत उलटेपर्यंत पुसू नका.